‘मी तर जिंकतच होतो’ : पटावर हरल्यानंतरची पहिली वीस मिनिटं

इंदूरच्या एका आईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दहा वर्षांचा, रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा, १५३० च्या आसपास. शहरातच झालेल्या आठ फेऱ्यांच्या बुद्धिबळ स्पर्धेत सहाव्या फेरीत तो दोन वर्षांनी लहान आणि अजून रेटिंगच नसलेल्या मुलाकडून हरला. एक उंट जास्त असताना हरला. हात न मिळवता त्याने पटावरचे मोहरे लोटून दिले. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की समोरचा आपल्या वडिलांच्या खुणा बघून खेळत होता आणि पंचही त्यांच्याच ओळखीचे. गाडीत बसल्यावर म्हणाला, ‘ट्रॉफी तर प्लास्टिकची होती, कोणाला हवीय.’ रात्री त्याच्या बाबांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंचांविरुद्ध लिहिलं. आता आई विचारतात : तक्रार करावी का, मुलाला शिक्षा करावी का, की काही महिने स्पर्धाच बंद ठेवाव्यात?

स्पर्धा बंद करू नका. तक्रारीची वेळ निघून गेली आहे, का ते पुढे सांगतो. शिक्षेचं ठरवण्याआधी मात्र एक आठवून बघा : हरल्यावर काय करायचं, हे त्याला कधी कोणी करून दाखवलं होतं का? वर्गात जाणाऱ्या मुलांना ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, बारा-पंधरा चाली पाठ असतात. डाव सोडताना घड्याळ कधी थांबवायचं, हात कधी पुढे करायचा, सही कुठे करायची, मोहरे कोणी लावायचे, याचा सराव एकदाही झालेला नसतो. हरण्याचा क्षण येतो तेव्हा त्या मुलाकडे करायला कामच नसतं. मग हात मोहऱ्यांवर जातो आणि तोंड दुसऱ्याच्या वडिलांवर.

रडणं यात धरू नका. दहा वर्षांचं पोर तीन तास डोकं लावून हरलं तर रडेल, आणि त्यात खिलाडूवृत्तीचा काही संबंध नाही. हात मिळवून, सही करून, बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटं रडलेलं मूल नीट हरलेलं असतं. डोळ्यांत टिपूस नाही, पण ‘तो चीटर आहे’ असं शांतपणे चार जणांना सांगणारं मूल नीट हरलेलं नसतं. पालक बहुतेक वेळा उलटं करतात. रडणाऱ्याला ‘मुलगा असून रडतोस’ म्हणून गप्प करतात आणि आरोप करणाऱ्याला ‘हो का? कोण होता तो?’ म्हणून जवळ घेतात. अश्रूंना जागा मिळाली नाही की ते आरोप होऊन बाहेर पडतात, असं म्हटलं तरी चालेल.

आता तक्रारीबद्दल. बुद्धिबळात तक्रारीला मुदत असते आणि ती फार लहान असते. समोरच्याने मोहऱ्याला हात लावून दुसराच मोहरा चालवला, तर ‘टच-मूव्ह’ची तक्रार तुम्ही स्वतः मोहऱ्याला हात लावायच्या आत करायची. चाल करायच्या इराद्याने हात लावला की तो हक्क गेला. समोरच्याने नियमबाह्य चाल केली, तर लगेच घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. अशा पहिल्या चुकीला तुम्हाला दोन मिनिटं जास्त मिळतात, त्याच खेळाडूने दुसऱ्यांदा केली तर सर्वसाधारणपणे तो डाव हरतो. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल तर बरोबरी मागता येते; त्यासाठी ती चाल आधी स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर, लिहायची, पटावर करायची नाही, आणि पंचांना सांगायचं. मुलं नेमकी इथे चुकतात. चाल करून मोकळी होतात, मग सांगतात. तेव्हा पंच नाही म्हणतात आणि घरी येऊन गोष्ट ‘पंचांनी ड्रॉ दिला नाही’ अशी होते.

खुणांचंही तसंच. समोरच्याचे पालक प्रेक्षकांत उभे असतील आणि तो सारखा तिकडे बघत असेल, तर तुमच्या मुलाने घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंच आले की हळू आवाजात एवढंच म्हणायचं, ‘सर, ते काका तिथे उभे आहेत, माझं लक्ष जातंय, त्यांना जरा बाजूला करता का?’ पंचांची मदत हवी असेल तेव्हा घड्याळ थांबवायचा हक्क नियमानेच दिलेला आहे. ‘तो चीटिंग करतोय’ असं म्हणायची गरज नाही, पुरावा द्यायची तर नाहीच नाही. पंच त्या माणसाला हलवतात, पुढे त्या पटाजवळ उभे राहतात, आणि खुणा होत असल्या तर त्या तिथेच बंद होतात. तुमच्या मुलाने हे केलं होतं का, हे त्याला रागावून नव्हे, माहिती म्हणून विचारा. नसेल केलं, तर उत्तर सोपं आहे : ‘तेव्हा बोलला असतास तर पंच काही करू शकले असते. आता काहीच करता येत नाही. पुढच्या वेळी हात वर कर.’ खरी तक्रार घड्याळ चालू असताना पटावर होते. दाराबाहेर आल्यावर सुचते ती बहुतेक वेळा सबब असते. हा फरक मुलाला एकदा कळला की निम्मं काम झालं.

पंचांचा निर्णयच चुकीचा वाटला तर अपील करता येतं, आणि स्पर्धेच्या नियमांत वेगळं लिहिलेलं नसेल तर स्कोअरशीटवर सही केली असली तरी करता येतं. मुदत आणि फी किती, हे स्पर्धेच्या पत्रकात दिलेलं असतं. फसवणुकीच्या संशयासाठी जागतिक संघटना, म्हणजे फिडे, हिचा वेगळा लेखी अर्ज आहे. त्यावर नाव टाकून सही करावी लागते, आणि तक्रार उघड उघड बिनबुडाची निघाली तर ताकीद तक्रार करणाऱ्यालाच मिळू शकते. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिताना सही लागत नाही, म्हणून तिथे लिहिणं सोपं जातं.

डाव संपतानाचे दहा सेकंद घरी बसवून घ्यायचे. ते जवळून बघू. मात झाली किंवा डाव सोडायचं ठरवलं. पाठ सरळ करायची. घड्याळ थांबवायचं, म्हणजे मधलं बटण. उजवा हात पटाच्या वरून पुढे करायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं. मुलं हात देतात पण नजर छताला असते, आणि समोरच्या मुलाच्या मनाला तेच लागतं. ‘वेल प्लेड’ म्हटलं तर छान, नाही म्हटलं तरी चालेल; दात-ओठ खाऊन म्हटलेलं ‘वेल प्लेड’ कोणालाही ओळखू येतं. मग पेन उचलायचं, स्कोअरशीटवर निकाल लिहायचा, दोन्ही कागदांवर सही. त्यानंतर दोन्ही राजे पटाच्या मध्यभागी ठेवायचे. पांढरा जिंकला असेल तर दोन्ही मधल्या पांढऱ्या घरांत, ई४ आणि डी५. काळा जिंकला असेल तर दोन्ही मधल्या काळ्या घरांत, डी४ आणि ई५. बरोबरी असेल तर एक पांढऱ्यात, एक काळ्यात. इलेक्ट्रॉनिक पटांवर निकाल नोंदवायची ही पद्धत आहे. साध्या पटावर तिची सक्ती नसते, तरी मुलांना शिकवावी, कारण हरलेल्या हाताला तेवढं एक काम मिळतं. जो हात राजा उचलून ठेवतो तो मोहरे लोटत नाही. शेवटी उरलेले मोहरे सुरुवातीच्या जागी लावायचे, खुर्ची आत सरकवायची आणि बाहेर.

याचा सराव करायचा म्हणजे खोटे डाव खेळायचे नाहीत. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं पुरतात. त्याला मुद्दाम हरलेली स्थिती द्या : त्याच्याकडे नुसता राजा, तुमच्याकडे राजा आणि वजीर. तुम्हाला खेळता येत नसेल तर मोठा भाऊ, आजोबा, कोणीही. मात होईपर्यंत खेळायचं, मग वर सांगितलेले दहा सेकंद पूर्ण करायचे. एका बैठकीत पाच वेळा. पहिल्या दिवशी तो हसेल, खोटं खोटं करेल. तिसऱ्या-चौथ्या बैठकीपर्यंत हात आपोआप पुढे जायला लागतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय. मनातला राग त्या वेळी जात नाही आणि जायची गरजही नाही.

बाहेर आल्यानंतरची वीस मिनिटं पालकांची. यात सगळ्यात जास्त बिघडतं ते पहिल्या प्रश्नाने. ‘काय झालं?’ हा प्रश्न दारातच विचारू नका. विचारलात की मुलाला त्या क्षणी कारण द्यावं लागतं, आणि तापलेल्या डोक्यातून निघालेलं पहिलं कारण नेहमी बाहेरचं असतं : खुर्ची, पंखा, पंच, त्या मुलाचा खोकला. एकदा बोलून गेलं की ते त्याला पुढे जपावंही लागतं, चार जणांसमोर तर जास्तच. निकाल चेहऱ्यावर दिसतोच. पाण्याची बाटली हातात द्या आणि चाला. हॉलच्या बाहेर, शक्य असेल तर आवाराच्या बाहेर, दहा मिनिटं. मग खायला. इथे इंदूरकरांसाठी एक आडवं वाक्य : दोन फेऱ्यांच्या मधे कचोरी नको. चौथ्या-पाचव्या फेरीत डोळे मिटणाऱ्या मुलांनी दुपारी काय खाल्लं होतं ते विचारून बघा. केळं, पोहे, दही-भात ठीक. जलेबी स्पर्धा संपल्यावर, जिंकला तरी आणि हरला तरी. बक्षीस म्हणून जिंकल्यावरच असं केलंत तर हरल्यावर ती आंबट लागणारच.

वीस मिनिटांनी तो आपणहून बोलतो. तेव्हा तो म्हणेल, ‘मी तर जिंकतच होतो.’ त्याच्या वयाची मुलं आपसांत हिंदीत बोलतात, म्हणून मित्रांपुढे ते ‘मैं तो जीत ही रहा था भिया’ असं होतं. या वाक्याला हो म्हणू नका, खोटंही म्हणू नका. ते मोजता येतं.

मोजायचं असं. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी स्कोअरशीट घ्या. कॉम्प्युटर इंजिन, म्हणजे डाव तपासून कोण किती पुढे आहे ते आकड्यात सांगणारा प्रोग्राम, लावू नका, निदान पहिल्या वाचनात नाही. इंजिन त्या स्थितीला अधिक तीन गुण दाखवेल, आणि तो आकडा घेऊन मुलगा महिनाभर फिरेल. इंजिनचे अधिक तीन म्हणजे इंजिनने पुढे खेळलं तर जिंकेल एवढंच. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात, घड्याळात सहा मिनिटं उरलेली असताना, ती स्थिती किती जिंकलेली होती हा वेगळा प्रश्न आहे. तो उंट जास्त असलेला क्षण पटावर मांडा आणि त्याच्या प्रशिक्षकांशी किंवा त्याच्याच ताकदीच्या मुलाशी तिथून पाच डाव खेळायला लावा, दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं. निकाल कागदावर लिहा. पाचपैकी पाच जिंकला तर खरंच जिंकलेला डाव हातचा गेला, आणि मग वेळ कसा वापरला ते बघायचं. पाचपैकी दोनच जिंकला तर ‘जिंकत होतो’चा अर्थ ‘पाचात दोनदा जिंकलो असतो’ एवढा आहे. मुलं हा निकाल आश्चर्यकारक सहजतेने मान्य करतात, कारण तो कोणी मोठ्याने सांगितलेला नसतो.

स्कोअरशीटवर आणखी एक सवय लावा : दर पाच चालींनी समोर आपल्या घड्याळातला वेळ लिहायचा. ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद अशा वेळेत शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात, तेव्हा हे दोन आकडे जड नाहीत. मग हरलेला डाव वाचताना दिसतं की विसाव्या चालीला ४१ मिनिटं होती आणि पंचविसाव्या चालीला १२. त्या पाच चालींत काय शोधत बसला होता, तिथे खरं उत्तर असतं. किंवा उलट : अठ्ठाविसाव्या चालीला ५० मिनिटं शिल्लक असताना तीन सेकंदांत चाल केली आणि समोरच्याच्या घोड्याने वजीर आणि राजा दोघांवर एकदम हल्ला केला. मराठीत घोडचूक हा शब्द आहेच, पटावर ती बऱ्याचदा शब्दशः घोड्यामुळे होते. उंट जास्त आहे म्हणून मन सैल पडलं, एवढंच तिथे लिहिलेलं सापडेल. खुणा करणारे काका त्या कागदावर कुठेच नसतात.

लहान आणि रेटिंग नसलेल्या मुलाकडून हरलो, ही या प्रकरणातली दुसरी ठसठस. याचा हिशेब मुलाला आकड्यांत दाखवा, तो गणितातला असतो. पहिली गोष्ट, रेटिंग नसलेल्या खेळाडूविरुद्धचा डाव रेटिंग असलेल्याच्या हिशेबात धरतच नाहीत. म्हणजे या हारीने त्याच्या रेटिंगचा एकही गुण गेलेला नाही. दुसरी, १ मार्च २०२४ पासून फिडेचं सगळ्यात खालचं रेटिंग १४०० आहे. त्याखाली ताकद असलेल्यांना आकडाच मिळत नाही, आणि खूप चांगला पण अजून पुरेसे डाव न झालेला मुलगाही त्याच कोऱ्या रकान्यात असतो. ‘अनरेटेड’ याचा अर्थ कच्चा असा होत नाही, अर्थ एवढाच की माहीत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. रेटिंगमध्ये २०० चा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून १०० डावांत ७६ गुणांची अपेक्षा असते. म्हणजे २४ गुण तो देणार, हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. १०० चा फरक असेल तर ३६ देणार. एका डावाने रेटिंग किती हलायचं ते ठरवणारा गुणक मुलांसाठी ४० असतो, अठरा वर्षांचा होतो त्या वर्षाच्या अखेरपर्यंत आणि रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत. त्यामुळे २०० ने कमी असलेल्याकडून हरला की साधारण ३० गुण जातात आणि त्याच मुलाला हरवलं तर साडेनऊच्या आसपास मिळतात. एका हारीची भरपाई तीन विजयांनी होते. हे अन्यायाचं वाटतं, पण हिशेब जुळवून बघितला तर चारात एकदा हरणारा मुलगा जागच्या जागी राहतो. हरणं अपवाद आहे असं घरात सगळ्यांनी धरलं असेल तर प्रत्येक हार कटकारस्थान वाटते. खालच्याकडून चारात एकदा हरणं हा त्या खेळाचा भाव आहे.

बक्षिसाच्या वेळी होणारी कुरबुर वेगळी असते. तुमच्या प्रश्नात ती नाही, पण पुढच्या स्पर्धेत येईल. दोघांचे आठात सहा गुण, एकाला ट्रॉफी आणि एकाला टाळ्या. मग ‘सेटिंग’ हा शब्द निघतो. बहुतेक स्पर्धांत बरोबरी फोडायला बुखोल्झ वापरतात : तुमच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांनी स्पर्धेत मिळवलेल्या गुणांची बेरीज. ‘कट-१’ असेल तर त्यातला सगळ्यात कमी गुणांचा प्रतिस्पर्धी वगळतात. एकाच्या आठ प्रतिस्पर्ध्यांचे गुण २.५, ४, ४.५, ५, ५, ५.५, ६, ६ असतील तर बेरीज ३८.५, कट-१ ने ३६. दुसऱ्याची बेरीज ३५, त्याचा सगळ्यात कमी प्रतिस्पर्धी ३ गुणांचा, म्हणजे ३२. पहिला वर. पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरलेल्या मुलाला पुढे हलके प्रतिस्पर्धी मिळत जातात, म्हणून त्याची बेरीज बहुधा कमी भरते. यात कोणाची ओळख चालत नाही, चेस-रिझल्ट्स या स्पर्धांचे निकाल देणाऱ्या संकेतस्थळावरून बेरीज कोणालाही करता येते. शेवटच्या फेरीआधी मुलासोबत बसून ती करून बघा. निकाल आधी कळला की व्यासपीठासमोर तोंड वाकडं होत नाही.

आता ती प्लास्टिकची ट्रॉफी. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे तिसरीतल्या मुलालाही माहीत असतं, म्हणून ती गोष्ट त्याला त्या वेळी सांगू नका. टोमणा म्हणूनच ऐकू येईल. ‘कोणाला हवीय’ या वाक्यात खरी माहिती एवढीच आहे की त्याला ती फार हवी होती. गाडीत याला उत्तर न देणं उत्तम. ‘अरे तुझ्याकडे तर दहा ट्रॉफ्या आहेत’ हे तर मुळीच नको. ‘तूच खरा चांगला खेळाडू, आज नशीब नव्हतं’ हेही नको, कारण असं म्हणताना तुम्ही स्वतः ती द्राक्षं आंबट ठरवत असता. मुलं हे घरूनच शिकतात. एखाद्या काकांची बदली वरच्या जागी झाली की ‘त्या पोस्टमध्ये काय ठेवलंय’ असं जेवताना कोण म्हणतं, ते ऐकून ठेवतात. दोन दिवसांनी शांतपणे एकदा म्हणा, ‘तुला ती ट्रॉफी हवी होती ना? मलाही तुला मिळावी असं वाटत होतं.’ बस. हवं होतं आणि मिळालं नाही, एवढं तोंडाने म्हणता आलं की ती वस्तू फालतू ठरवायची गरज संपते.

तो माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनचं उदाहरण देईल, याची तयारी ठेवा. १ जून २०२५ ला नॉर्वे चेस या स्पर्धेत जवळजवळ जिंकलेला डाव गुकेशकडून हरल्यावर कार्लसनने टेबलावर मूठ आपटली, मोहरे उडाले, आणि ती क्लिप प्रत्येक मुलाने पन्नास वेळा बघितली आहे. ती पुन्हा त्याच्यासोबत बघा, शेवटपर्यंत. मूठ आपटल्यानंतर तो हात मिळवतो, सॉरी म्हणतो, जाताना गुकेशच्या पाठीवर थाप देतो. मुलांनी पहिलीच दोन सेकंदं उचललेली असतात. याच कार्लसनने २०२२ मध्ये सेंट लुईसला हान्स नीमनकडून हरल्यावर स्पर्धाच सोडली आणि डिसेंबर २०२३ मध्ये फिडेने योग्य कारणाशिवाय माघार घेतल्याबद्दल त्याला १०,००० युरो दंड केला. हात न मिळवण्याचंही प्रकरण झालेलं आहे : जानेवारी २००८ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेत चेपारिनोव्हने नायजेल शॉर्टशी हात मिळवायला नकार दिला आणि पंचांनी त्याला डाव हरल्याचं जाहीर केलं. अपिलात डाव पुन्हा खेळवला, तो शॉर्टने जिंकला. मोठे खेळाडू हे करतात तेव्हा त्याची किंमत मोजतात, एवढं कळलं तरी पुरे. बुद्धिबळवाल्यांत एक जुनी थट्टा आहे : ‘निरोगी माणसाला मी आजवर कधी हरवलेलंच नाही.’ ज्याला त्याला डोकेदुखी, झोप नाही, ताप. ही थट्टा त्याला सांगा, त्याला आवडेल.

घरात आजोबा असतील तर त्यांना होळकरांच्या रणजी संघाबद्दल बोलतं करा. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकरांपुढे ८६७ धावांचं लक्ष्य ठेवलं. डेनिस कॉम्प्टन नाबाद २४९, आणि तरी ३७४ धावांनी हार. पुढच्या वर्षी त्याच होळकर संघाने इंदुरात बडोद्याला हरवून रणजी जिंकली. त्याच्या पुढच्या वर्षी बडोद्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ काढल्या आणि होळकर एक डाव ४०९ धावांनी हरले. ओळीने तीन वर्षं अंतिम फेरी, दोनदा दणकून हार. दहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट आकड्यांमुळे आवडते. तिचा बोध त्याला समजावून सांगू नका.

बाबांचा मेसेज. तो काढून टाकावा, आणि काढल्याचं लिहावं. लांबलचक खुलासा नको. ‘रविवारच्या सहाव्या फेरीबद्दल मी जे लिहिलं त्याला माझ्याकडे पुरावा नव्हता. ते मागे घेतो.’ एवढ्या दोन ओळी त्याच ग्रुपवर. ज्या मुलाबद्दल लिहिलं ते आठ वर्षांचं आहे आणि ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना त्याचं नाव माहीत आहे, हे लक्षात घ्या. पंचांना वेगळा फोन करून सांगितलं तर उत्तम. मुलाने हा मेसेज वाचलेला असतो, किंवा कोणीतरी त्याला दाखवलेला असतो. म्हणून मागे घेतलेलाही त्याला दिसू द्या. यात बाबांना कमीपणा वाटेल. मुलाकडून जे हवंय तेच इथे बाबांकडून हवंय, तेव्हा तो वाटू द्यावा.

शिक्षा द्यायचीच तर मोहरे लोटल्याची द्या. हरल्याची नको, तोंडातून निघालेल्या शब्दांची तर मुळीच नको. आणि ती पटाशी जोडलेली असावी. पुढचे दोन वर्ग सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं लवकर जायचं, सगळे पट मांडायचे, घड्याळं लावायची, संपल्यावर मोहरे मोजून डब्यात भरायचे. बत्तीस मोजताना एक प्यादं कमी निघालं की खाली वाकून शोधायचं. टीव्ही बंद, मोबाइल बंद या शिक्षांचा पटाशी संबंध नसतो. चालू स्पर्धेतून ‘आता बास’ म्हणून मधेच काढून घेणं ही तर शिक्षा म्हणून देऊच नये. न सांगता गैरहजर राहिलात तर पुढच्या फेरीत कोणीतरी मूल रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतं. जायलाच हवं असेल तर पुढच्या फेरीच्या जोड्या लागण्याआधी पंचांना सांगून नाव काढा.

त्याच दिवशी माफी मागायला लावू नका, हेही इथेच सांगतो. खांद्याला धरून गर्दीतून नेलेलं मूल ‘सॉरी’ म्हणतं ते जमिनीकडे बघून, आणि समोरच्या मुलाचीही पंचाईत होते. इंदूरच्या स्पर्धांत तेच तेच चेहरे फिरून येतात, तो मुलगा महिन्या-दोन महिन्यांत कुठल्या तरी हॉलमध्ये दिसेलच. समोरासमोर जोडी लागली तर घड्याळ सुरू होण्याआधी, हात मिळवताना. नाही लागली तर फेरीच्या जोड्या बघायला सगळे भिंतीपाशी उभे असतात तेव्हा. ‘मागच्या वेळी मी हात दिला नव्हता. सॉरी.’ याहून जास्त शब्द नकोत, खुणांचा विषय पुन्हा काढायचा नाही, आणि तुम्ही चार पावलं लांब उभ्या राहा. तो मुलगा बहुधा काहीच बोलणार नाही, आठ वर्षांची मुलं बोलत नाहीत. त्याच्या उत्तरासाठी थांबायचं नाही. खुर्ची पुढे ओढायची, पेनाचं टोपण काढायचं आणि स्कोअरशीटवर तारीख लिहायला घ्यायची.